आजोबांची लेफ्ट हँड जीप: ओरिजिनल करू की कस्टम? सल्ला हवाय

माळावरची_जीप

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

कराडजवळ आमच्या गावी गोठ्याला लागून पत्र्याच्या शेडमध्ये आजोबांची जीप उभी आहे. लेफ्ट हँड, लो बॉनेट. २००४ पासून चाक फिरलेलं नाही. आजोबांनी ती १९६३ साली एका बागायतदाराकडून घेतली, त्याने ती मिलिटरी लिलावाचा माल घेणाऱ्या एका व्यापाऱ्याकडून घेतलेली असं आजोबा सांगायचे. टीसी बुकात (गाडीच्या जुन्या नोंदणी पुस्तकात) 'विलीज जीप, १९४५' लिहिलंय. पुढे ८७ च्या आसपास पेट्रोल परवडेना म्हणून वडिलांनी ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन टाकून घेतलं, ते उंच म्हणून बॉनेट मधोमध कापून वर पत्र्याचा डबा वेल्ड केलाय, मागे बॉडी फूटभर वाढवून आडव्या सीटा केल्यात, वरून लाल ऑइलपेंट. माझं लहानपण त्या मागच्या सीटवर गेलंय, पाचवीला असताना हाच गिअर हातात धरून मी 'चालवायला' शिकलो.

आता हातात थोडे पैसे आलेत आणि गाडी उभी करायचीच आहे. दोन मतं ऐकतोय. एका मित्राचं म्हणणं, नवीन टर्बो डिझेल टाक, पॉवर स्टेअरिंग, पाचचा गिअरबॉक्स, मोठे टायर, विंच, रोलकेज, आणि मॅट ऑलिव्ह ग्रीन मार, सहा लाखात रस्त्यावर राजा. दुसरा म्हणतो जशी फौजेत होती तशीच कर. मला दोन्ही पटतं हीच अडचण आहे. तुम्ही काय कराल?

विंच_वाला

कस्टम करा दादा. मी माझी महिंद्राची एमएम ५५० जीप तशीच बांधलीय, सह्याद्रीत कुठेही घाला, हसत बाहेर येते. जुनं पेट्रोल इंजिन म्हणजे घाटात मागे रांग लागणार, स्पेअर मिळणार नाहीत, मिस्त्री मिळणार नाही. गाडी वापरायला असते, शेडमध्ये पुसत बसायला नाही.

निवृत्त_ईएमई

मत देण्याआधी एक काम सांगतो ते कर. मी फौजेत गाड्यांच्याच कामावर होतो, खडकीलाही होतो, तर अनुभवावरून बोलतोय. टीसी बुकावर जाऊ नकोस. आपल्याकडे त्या काळात सगळ्या जीपांवर डोळे मिटून 'विलीज' लिहायचे. गाडी कोण आहे ते चेसीस सांगते.

गाडीच्या पुढे जमिनीवर आडवा हो आणि रेडिएटरच्या खालून चेसीसचा पहिला आडवा क्रॉस मेंबर बघ. तो गोल पाइप असेल तर विलीज कंपनीची एमबी. चौकोनी, उलट्या यू सारखा असेल तर फोर्डने बांधलेली जीपीडब्ल्यू. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही कंपन्यांनी एकच गाडी बनवली, मिळून साडेसहा लाखाच्या आतबाहेर, त्यातल्या पावणेतीन लाखांवर फोर्डच्या. विलीजमध्ये नंबर चेसीसच्या डाव्या पुढच्या शिंगाच्या आतल्या बाजूला रिवेट मारलेल्या छोट्या पट्टीवर असतो, आणि ती पट्टी बहुतेक वेळा कुणीतरी उपटलेली असते. फोर्डने मात्र नंबर सरळ चेसीसवरच ठोकला, डाव्या पट्टीच्या वरच्या अंगाला, इंजिनच्या पुढच्या भागाजवळ. थिनर, तारेचा ब्रश आणि खडू घेऊन जा. ग्राइंडर अजिबात लावायचा नाही, नंबर घासला गेला तर सगळं संपलं.

तिसरी शक्यता म्हणजे युद्धानंतरची नागरी जीप, किंवा दोन-तीन गाड्या जोडून केलेली. तसं असेल तर विंच_वाला म्हणतात तसं मनसोक्त कर, मी आड येणार नाही.

चिंचेचं_झाड

वाचतेय. माझे पणजोबा मराठा पलटणीतून इटलीत होते, घरी त्यांचा जीपच्या बॉनेटला टेकून उभा असलेला एक फोटो आहे. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो इटलीतच, त्यामुळे आमच्याकडे त्या मोहिमेच्या गोष्टी खूप ऐकल्यात. तुमच्या गाडीचं काय निघतं ते जरूर लिहा.

माळावरची_जीप

काल रविवारी गेलो होतो. सविस्तर लिहितो.

आधी शेडमधला कडबा हलवला, मग गाडीखाली पोतं टाकून आडवा झालो. पुढचा क्रॉस मेंबर चिखल आणि ग्रीसने इतका थापलेला की आकारच कळेना, स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं तर कड लागली. चौकोनी आहे! मग डाव्या चेसीसवर थिनरचा बोळा फिरवत बसलो. लालच्या खाली काळा, काळ्याखाली निळसर राखाडी, त्याच्या खाली हिरवट. असे चार थर गेल्यावर लोखंड दिसायला लागलं पण नंबर काही दिसेना. तेवढ्यात वडील चहा घेऊन आले, त्यांनी बॅटरी तिरकी धरली आणि मी खडूची भुकटी चोळून बोटाने पुसली तर आधी एक जी उमटला, मग पी, मग डब्ल्यू आणि पुढे सहा आकडे. टीसी बुकात आहेत तेच आकडे! फक्त अक्षरं कारकुनाने लिहिली नव्हती. वडील कितीतरी वेळ नुसते बोट फिरवत होते त्यावर.

आणि अजून एक, मागच्या बंपरचा एक बोल्ट साफ केला तर त्याच्या डोक्यावर बारीक एफ आहे. तो फोर्डचाच का?

निवृत्त_ईएमई

फोर्डचाच. जीपीडब्ल्यूमध्ये बोल्ट, ब्रॅकेट, जिथे जमेल तिथे एफ उठवलेला असतो. आता यापुढे त्या गाडीचा एकही बोल्ट भंगारात जाता कामा नये, डबे आण, चिठ्ठ्या लावून ठेव.

नंबर इथे टाकू नकोस. फोर्डच्या चेसीस नंबरांच्या यादीशी ताडून बघ, साल मिळेल. आणि ती तीन अक्षरं म्हणजे जी सरकारी कंत्राटाचा, पी म्हणजे ऐंशी इंची व्हीलबेसचं फोर्डचं सांकेतिक अक्षर, डब्ल्यू म्हणजे विलीजचं डिझाइन.

आता माझं मत. युद्धातल्या त्या साडेसहा लाख जीपांतल्या किती राहिल्या, आपल्याकडे किती, त्यातल्या चेसीस नंबर आणि कागद जुळणाऱ्या किती? तुझ्याकडे जुळतायत. ही कापायची नाही.

विंच_वाला

ठीक, मी शब्द मागे घेतो. खरी वॉरटाइम चेसीस असेल तर मी पण नाही कापणार. माझी ५५० हजारो सारख्या गाड्यांपैकी एक होती म्हणून बिनधास्त कटर लावला.

पण एक विचारतो, डिझेल ठेवून बाकी ओरिजिनल केली तर? खिशाचाही विचार पाहिजे ना.

पासिंग_काका

इथे मी बोलतो, आयुष्य आरटीओच्या रांगेत गेलंय, एजंट होतो.

२०२१ च्या जुलैत केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात ठेवलेली, चेसीस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल नसलेली, तिला व्हिंटेज म्हणून नोंद मिळते. नवीन नोंदणीची फी २०,०००, दहा वर्षांची मुदत, पुढच्या वेळी ५,०००. प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं. पण ती गाडी रोज बाजाराला न्यायची नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची.

म्हणजे ट्रॅक्टरचं इंजिन आणि वाढवलेली बॉडी असेल तर तो दरवाजा बंदच समजा. आणि साध्या नोंदणीवर राहायचं म्हटलं तरी कस्टमचा प्रश्न आहेच, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल चालणार नाही. रोलकेज, वेगळं इंजिन, वाढवलेली बॉडी, हे सगळं 'सगळेच करतात' म्हणून चालून जातं आणि अपघात झाला की इन्शुरन्सवाला पहिलं बोट तिथेच ठेवतो.

आणखी एक, कुणीच बोललं नाही म्हणून. ऑलिव्ह ग्रीन मारू नका! केंद्रीय मोटार वाहन नियम १२१, संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग लावता येत नाही. लोक लावतात आणि मग नाक्यावर अडकतात.

काम सुरू करायच्या आधी आहे त्या अवस्थेत सगळ्या बाजूंनी फोटो काढा, चेसीसचा पेन्सिल प्रिंट घ्या, आणि आरसीवर इंधन डिझेल चढवलंय का ते बघा. चढवलं असेल तर परत पेट्रोल करायला इंजिनच्या कागदासकट अर्ज लागेल. नोंदणीची मुदत संपलेली असणारच, त्याचा दंड आणि पर्यावरण कर वेगळा धरून चाला.

माळावरची_जीप

काका, खूप आभार. ऑलिव्ह ग्रीनचं खरंच माहीत नव्हतं.

घरी बोलणं झालं, ओरिजिनलच करायची ठरलं. फक्त एक गोष्ट मनाला लागली. रात्री जेवताना वडील अचानक म्हणाले, म्हणजे मीच वाटोळं केलं का रे गाडीचं, ते इंजिन भंगारवाल्याला दिलं तेव्हा दोनशे रुपये आले होते. मला काय बोलावं सुचलं नाही.

निवृत्त_ईएमई

वडिलांना माझा नमस्कार सांग आणि हे वाचून दाखव. त्या वर्षांत लिटरला सात-आठ किलोमीटर देणारी पेट्रोल जीप शेतकऱ्याला पोसणं शक्यच नव्हतं. ज्यांनी डिझेल टाकलं नाही त्यांच्या जीपा गॅस कटरखाली गेल्या, चेसीसचे अँगल झाले, चाकं बैलगाडीला लागली. तुझ्या वडिलांनी इंजिन बदललं म्हणून गाडी सतरा वर्षं पोट भरत राहिली, म्हणून तिला शेड मिळाली, म्हणून आज तुला नंबर सापडला. त्यांनी ती वाचवली.

चिंचेचं_झाड

+१. अगदी मनातलं बोललात.

जबलपूरकर

थोडं अवांतर, पण राहवत नाही. आम्ही तीन पिढ्या जबलपूरचे मराठी, वडील व्हेईकल फॅक्टरीत होते. आमच्याकडे जीप म्हणजे जोंगा. जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्लीची आद्याक्षरं. निसानच्या 'पॅट्रोल' गाडीच्या परवान्यावर १९६९ पासून बनायची, सहा सिलिंडरचं जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन, १९९९ ला बंद झाली. धोनीने २०१९ मध्ये घेतली तेव्हापासून लोक शोधत येतात आणि पहिला प्रश्न, डिझेल बसेल का? सहा सिलिंडरचा तो मऊ आवाजच काढून टाकला तर मग जोंगा घेतली कशाला? धागाकर्त्याने योग्य ठरवलंय.

माळावरची_जीप

दोन महिन्यांनी अपडेट देतोय, कारखान्याचा सीझन होता.

गाडी पूर्ण खोलली. बॉडी, इंजिन, गिअरबॉक्स, दोन्ही हौसिंग, पाटे, सगळं वेगळं. काही गोष्टी लिहून ठेवतो, पुढे कुणाला उपयोग होईल.

फ्लोअरचा पत्रा खालून बघितला तर पाळण्यासारखा झोळ आलेला. खाली आधाराच्या ज्या टोपीच्या आकाराच्या पत्र्याच्या पट्ट्या असतात त्या कापल्या तर आतून काळा भुसा पडला. मला वाटलं उंदराचं घर असेल. सुतार काकांनी वास घेऊन सांगितलं की लाकूड आहे! शोधल्यावर कळलं की युद्धातल्या जीपांच्या या पट्ट्यांमध्ये कारखान्यातच लाकडी पट्टी भरलेली असायची, बॉडीचे बोल्ट आवळताना पत्रा चेपू नये म्हणून. ऐंशी वर्षं पाणी पिऊन ते कुजलं आणि पत्रा आतून खाल्ला. आता सागाच्या पट्ट्या करून, जवसाच्या तेलात बुडवून, वाळवून बसवतोय, आणि पाणी निघायला खाली दोन भोकं ठेवतोय.

चेसीसला डावीकडे स्टेअरिंग बॉक्सच्या खाली वीतभर चीर निघाली. पहिल्या मिस्त्रीने बघितलं आणि म्हणाला वरून जाड पट्टी मारून टाकू, दोन तासाचं काम. नको म्हटलं. दुसऱ्याने चिरेच्या दोन्ही टोकांना आधी भोकं पाडली, चीर व्ही सारखी उघडली, मग वेल्ड भरला आणि आतून पट्टी घेतली. बाहेरून काही दिसतच नाही. ट्रॅक्टरच्या इंजिनाचं वजन आणि रस्ते, दोन्ही त्या एका जागेने सोसलंय.

पुढचे पाटे उतरवले तर डावीकडे खाली एक छोटा जादाचा पाटा, उजवीकडे नाही. मला वाटलं कुणीतरी जुगाड केलाय, काढून ठेवला होता.

निवृत्त_ईएमई

तो जुगाड नाही! टॉर्क रिअ‍ॅक्शन स्प्रिंग म्हणतात त्याला, ब्रेक दाबल्यावर पुढचा अ‍ॅक्सल फिरू बघतो आणि स्टेअरिंग खेचलं जातं ते धरायला कंपनीनेच फक्त डावीकडे दिलाय. परत बसव. असले भाग 'जादाचे' म्हणून फेकले जातात आणि मग लोक म्हणतात जीप ब्रेकला ओढते.

बेअरिंग_६२०५

बॉडीसाठी एवढी मेहनत कशाला? हरियाणात मंडी डबवालीला नवीन बॉडी तयार मिळते, ट्रान्सपोर्टने येते, बोल्ट मारा आणि झालं. माझ्या चुलतभावाने आणली.

विंच_वाला

डबवालीचं काम मी बघितलंय, कारागीर चांगले आहेत, माझ्यासारख्याला तीच बरी. पण ह्यांच्या केसमध्ये नको. ह्यांच्याकडे मूळ टप (बॉडीचा डबा) आहे, सडका का असेना. नव्या टपात टूलबॉक्स, पेट्रोल टाकीचा ड्रायव्हर सीटखालचा खड्डा, हँडल, हे सगळं मूळ मापात मिळेल याची खात्री नाही. साठ टक्के पत्रा वाचत असेल तर तोच वाचवा.

माळावरची_जीप

साठ नाही, पन्नास वाचला, पण वाचला. मागचा वाढवलेला फूटभर भाग काढल्यावर मूळ कड जशीच्या तशी आत होती, वडिलांच्या वेल्डरने कापण्याऐवजी वरून जोड दिला होता, देव त्याचं भलं करो. अठरा गेजचा पत्रा वापरतोय. लांबी (पुट्टी) कमीत कमी, पत्रा हातोडी-डॉलीने सरळ करूनच पुढे जायचं ठरवलंय. बॉनेट मात्र गेलं होतं, ते दुसरं शोधावं लागेल.

आता मुख्य प्रश्न, इंजिन. मूळ इंजिन गो डेव्हिल, चार सिलिंडर, २१९९ सीसी, साठ हॉर्सपॉवर. कुठे मिळेल?

उद्यमनगरी

दादा कोल्हापुरातून बोलतोय. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलीजच्या सुट्या भागांतून जीप जोडायला सुरुवात केली, त्या सुरुवातीच्या लो बॉनेट गाड्यांतही हेच एल हेड इंजिन असायचं, त्यामुळे ब्लॉक अगदीच दुर्मिळ नाहीत. घेताना एवढंच बघा, वाल्व ब्लॉकमध्येच असतात, हेडमध्ये नाही, त्यामुळे वाल्व सीट आणि सिलिंडरच्या मधल्या अरुंद जागेत चीर असते का ते हेड उचलून, घासलेट लावून, खडू मारून बघा. तिथे चीर असेल तर पुढे जाऊ नका. सायलेन्सरचा मॅनिफोल्ड पण तडकलेला असतो पण तो आमच्याकडे ओतून मिळतो, शिवाजी उद्यमनगरात फाउंड्र्यांना काय तोटा. आमच्या गल्लीत एकाकडे एक इंजिन आहे, उसाच्या गुऱ्हाळावर चरख्याला लावलेलं होतं. या, बघून घ्या, मी येतो सोबत.

माळावरची_जीप

उद्यमनगरी दादांचे आभार किती मानू. त्या दिवशी कामावरची सुट्टी टाकून माझ्यासोबत दिवसभर फिरले, वर घरी नेऊन पांढरा रस्सा खाऊ घातला.

इंजिन घेतलं, पावती आणि स्टँप पेपरवर लिहून घेतलं (पासिंग काका, तुमचा आवाज कानात होता). चीर नाही. चारही सिलिंडर बोअर करून चाळीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइज पिस्टन बसतायत, क्रँक घासून घेतला, वाल्व नवे, सीटवर लॅपिंग मी स्वतः केलं, दोन रात्री पेस्ट लावून काठी तळहातांत फिरवत बसलो होतो. शेवटी पेट्रोल ओतून बघितलं, एक थेंब खाली उतरला नाही. टॅपेट चौदा थाऊ थंड इंजिनवर ठेवलेत.

ओहायोचा_पाहुणा

मी गेली बारा वर्षं टोलेडोजवळ राहतो, जिथे विलीजचा कारखाना होता तिथे, 'ओव्हरलँड' लिहिलेली जुनी विटांची चिमणी अजून उभी आहे, रोज जाता येता दिसते. धागा पहिल्यापासून वाचतोय. दिवाळीला घरी साताऱ्याला येणार आहे. कार्टर कार्बोरेटरचं किट, फ्युएल पंपाचं डायफ्राम, गॅसकिटचा सेट, असलं बॅगेत बसेल ते आणतो, यादी पाठवा. पैशाचं नंतर बघू. आणि डायफ्राम इथेनॉल चालणारंच घेतो, आपल्याकडे आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, जुनं रबर त्यात विरघळल्यासारखं होतं. होज पाइप पण सगळे त्याच ग्रेडचे टाका, तुमची टाकी तर सीटच्या खालीच आहे.

माळावरची_जीप

काय बोलू! यादी पाठवलीय.

इलेक्ट्रिकलवर अडलोय. मूळ गाडी सहा व्होल्ट. सहाची बॅटरी बनवून घेतली, सेल्फ आणि डायनामा रिवाइंड केला, पण सेल्फ मारला की इंजिन अर्धा फेरा फिरतं आणि बसतं. इलेक्ट्रिशियन म्हणतो सहा व्होल्ट विसरा, सरळ बाराचं करा. करू का?

निवृत्त_ईएमई

थांब. सध्या केबल कुठली लावलीय?

माळावरची_जीप

नेहमीची, कारची बारा व्होल्टची तयार मिळते ती.

निवृत्त_ईएमई

तिथेच चुकलं. व्होल्ट निम्मे म्हणजे तेवढ्याच ताकदीला करंट दुप्पट. बारीक केबलमध्ये अर्धी ताकद केबल तापवण्यात जाते. वेल्डिंग मशीनची जाड तांब्याची केबल आण, लग दाबून त्यात कथील भर. आणि अर्थ (अर्थिंग) बघ. बॅटरीचा अर्थ चेसीसला आहे, पण इंजिन रबराच्या मौंटिंगवर बसलेलं आहे, म्हणजे इंजिन ते चेसीस वेगळी जाड पट्टी पाहिजेच. तू चेसीस एवढी सुंदर रंगवली असशील की अर्थाच्या जागी पण रंगच असेल, तिथला रुपयाएवढा रंग खरवडून चकाकतं लोखंड कर, मग बोल्ट आवळ आणि वरून ग्रीस लाव.

माळावरची_जीप

काका, केबल बदलली, इंजिनची पट्टी टाकली, तीन ठिकाणचा रंग खरवडला. सेल्फ असा फिरला की वडील दचकून मागे सरले!

पहिल्यांदा चालू झाली ती तारीख लिहून ठेवलीय, मकर संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, किंक्रांतीला. आईचं म्हणणं होतं की आज नको, उद्या करा, पण आम्हाला धीर नव्हता. पंपाची काचेची वाटी हळूहळू पेट्रोलने भरताना दिसत होती, पहिले दोन-तीन खोकले, कार्बोरेटरमधून एक फटका, डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवला आणि धरलं की इंजिनाने. डिझेलचा तो धडधडाट नाहीच, शिलाई मशीन चालावी तसा आवाज. बॉनेटवर ठेवलेला चहाचा कप नुसता थरथरत होता, सांडला नाही. आजी आतून बाहेर आली आणि म्हणाली, हा आवाज ह्यांच्या वेळचा आहे.

रात्री अजून एक मजा बघितली, हेडलाइट पुढे बिजागरीवर आहेत, चाकीचा नट सैल करून दिवा उलटा फिरवला की उजेड थेट इंजिनावर पडतो. अंधारात दुरुस्ती करणाऱ्याचा विचार ज्याने केला त्याला मनापासून सलाम.

बेअरिंग_६२०५

वाचून अंगावर काटा आला. माझी डबवालीची सूचना मागे. टायर कुठले घेतले आणि रंगाचं काय ठरलं?

माळावरची_जीप

टायर ६.०० बाय १६, मापाचा प्रश्न नाही, ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचं हेच माप आहे, पण ती नक्षी वेगळी. फौजी नक्षीचे, दोन्ही दिशांना सारखे दिसणारे, मिळवायला दोन महिने गेले.

रंगावर घरात तीन रविवार चर्चा चालली. चेसीसवर जो सगळ्यात खालचा थर सापडला तो हिरवाच होता, त्यामुळे मन तिकडे ओढत होतं, पण नियम तो नियम. शेवटी वाळूचा रंग घेतला, उत्तर आफ्रिकेत ब्रिटिश फौजेच्या गाड्या ज्या छटेत असायच्या त्याच्या जवळचा, मॅट. ही गाडी तिकडे होती असं माझं म्हणणं नाही. पण चेसीसच्या नंबरशेजारी रुपयाएवढी जागा तशीच ठेवलीय, चारही थर दिसतील अशी, वरून नुसतं क्लिअर मारलंय. फौजेचे तारे, नंबर वगैरे काही लिहिलं नाही, ही कुठल्या तुकडीत होती ते कागदावर नाही आणि मनाने लिहायचं नव्हतं.

चिंचेचं_झाड

हे फार आवडलं. माझ्या पणजोबांचा फोटो स्कॅन करून पाठवते तुम्हाला, बॉनेटच्या बाजूला कुऱ्हाड आणि फावडं कसं बांधलंय ते त्यात स्पष्ट दिसतं.

माळावरची_जीप

ताई जरूर पाठवा, माझ्या फावड्याचे पट्टे अंदाजाने बांधलेत, त्यावरून दुरुस्त करीन.

पासिंग_काका

अर्ज भरला का?

माळावरची_जीप

भरला काका. इंजिनच्या पावतीसकट. तपासणीला चेसीसचा पेन्सिल प्रिंट घेतला, एका फटक्यात उमटला. आता वाट बघतोय.

विंच_वाला

आणि ते डिझेल इंजिन? विकणार असाल तर मला सांगा, एका मित्राच्या गाडीला हवंय.

माळावरची_जीप

दिलं दादा. शेजारच्या भाऊंनी नेलं, ओढ्याकाठच्या मोटारीला लाइट रात्रीची असते म्हणून त्यांनी पंपाला जोडलंय. सकाळी शेडमध्ये काम करताना मळ्यातून तो जुना धडधडाट ऐकू येतो, वडील मधूनच थांबून ऐकतात.

पासिंग_काका

देताना लिहून घेतलं ना? आरसीवर अजून त्याचाच नंबर आहे, नवीन चढेपर्यंत जबाबदारी तुमची.

माळावरची_जीप

घेतलं काका. त्यांची सही, इंजिन नंबर आणि आरसीची झेरॉक्स, तिन्ही एका पत्र्याच्या डब्यात ठेवलंय, एफ वाल्या तुटक्या बोल्टांसोबत.